माळपेठेच्या सनदेबाहेर राहिलेली गल्ली

...आणि आत्ता त्या पडद्यामागं मला सांगितलं, नागुबाई, आज तेवढं ओढ्याकडच्या गल्लीचं काढू नका, आज मंगल दिवस आहे. मग काढायचं कधी? माघात काढलं तर म्हणाले, सनद लागू होऊ दे. पाडव्याला सनद लागू झाली, तेव्हा म्हणाले, तात्पुरती आहे, कायम करताना बघू. ज्येष्ठात काढलं तर म्हणाले, आता तुम्ही दुःखात आहात, घरी बसा. आता श्रावण आला, सनद कायम व्हायची वेळ आली, तर म्हणतात मंगल दिवस आहे. आमच्या पेठेत मराठी माणूस 'बघू' म्हणतो आणि कानडी माणूस 'नोडोण' म्हणतो. दोघांचा अर्थ एकच.

असो. रीत आहे ती पाळते.

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि माळपेठ नगरपालिकेचे नेमलेले पहिले नगराध्यक्ष, तंबाखूचे व्यापारी श्रीमान मारुतीराव. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सनद कमिटीचे प्रमुख, बेळगावचे वकील रघुवीरराव हुक्केरीकर. कमिटीचे चिटणीस आणि या शाळेचे हेडमास्तर गोपाळराव. दवाखान्याच्या नर्स वासंतीबाई, ज्या मंचावर नाहीत, खाली तिसऱ्या ओळीत खांबाआड बसल्या आहेत. व्यापारी मंडळी, पेठेतल्या माताभगिनी, आणि मागं व्हरांड्यात उभी असलेली आमच्या गल्लीची माणसं. तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

महिलांच्या वतीनं दोन शब्द बोलायला मला उठवलं आहे. मास्तरांनी एक भाषण लिहून दिलं होतं. चांगलं आहे. त्यात 'कर्तव्यदक्ष' हा शब्द बराच वेळा येतो, आणि तो म्हणताना माझी जीभ अडते. मी मराठी दुसरीपर्यंत गेले, तेही धड नाही, तंबाखूची वखार सुरू झाली की शाळा सुटायची. तेव्हा ते भाषण मी घडी घालून ठेवलं आहे. मास्तर, राग मानू नका. मी माझ्या मनानं बोलते.

आधी वकीलसाहेबांविषयी. आज त्यांचा मान आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे.

मुंबई सरकारचा हुकूम आला की माळपेठ आता गाव राहिलं नाही, तिची नगरपालिका होणार. तिची सनद लिहायला पाच माणसांची कमिटी नेमायची आणि त्यात एक बाई पाहिजे. तुम्हाला आठवत असेल, पेठेतल्या किती घरी विचारणं झालं. एका घरच्या बाईंना माहेरी जायचं होतं. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "पुरुषांत बसून गटाराच्या गोष्टी करायच्या? आमच्या घरात नाही तसली चाल." शेवटी मारुतीअण्णा म्हणाले, आपल्या वखारीत ती नागुबाई आहे, तिला तोंड आहे. तोंड आहे म्हणून मी कमिटीत आले. हे मी रागानं सांगत नाही. तसं झालं म्हणून सांगते.

पहिल्या बैठकीला चावडीत गेले तर चार खुर्च्या आणि दाराशी एक घोंगडं. मी घोंगड्यावर बसले. वकीलसाहेबांनी बघितलं, उठले, आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि स्वतः उभे राहिले. मी म्हटलं, "र्‍हाऊ द्या साहेब, मला खाली बसायची सवय हाय." तर म्हणाले, "नागुबाई, सवय तुम्हाला आहे, सनदेला नाही." पुढच्या बैठकीला पाच खुर्च्या होत्या. सही करायलाही त्यांनीच शिकवलं. आधी मी अंगठा द्यायची. त्यांनी शाईची बाटली दूर सरकवली आणि म्हणाले, नाव लिहायला शिकाल तेव्हाच कागद पुढं जाईल. बाकीचे सदस्य तोवर चहा पीत बसले. माझ्या पहिल्या सहीतला 'गु' असा झाला होता की मास्तर म्हणाले, हे कोंबडं आहे का. पण ती सही चालली.

दीड वर्ष वकीलसाहेब बेळगावचं घरदार सोडून इथं धर्मशाळेच्या खोलीत राहिले. स्वतः स्टोव्ह पेटवून भात शिजवला. कमिटीत काय काय चाललं ते बाहेर ठाऊक नाही, म्हणून सांगते. रस्त्यावरचे कंदील कुठं लावायचे यावर आम्ही सबंध पावसाळा घालवला. जो तो म्हणे, आमच्या दाराशी अंधार जास्त आहे. तळ्यात म्हशी धुवायच्या की नाही, यावर तर दोन सदस्यांचं बोलणं बंद झालं. वकीलसाहेब मध्ये बसून म्हणायचे, "मंडळी, म्हैस दोघांचीही आहे." मग हसू व्हायचं आणि कलम पुढं जायचं. पेठ विरुद्ध वरची गल्ली, मराठी शाळा विरुद्ध कानडी शाळा, सगळ्यांना त्यांनी एका कागदावर आणलं. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. तोंडदेखलं बोलायला मला येत नाही, ते इथं सगळ्यांना माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट. मारुतीअण्णा, घड्याळ बघू नका. मी लांबवत नाही.

सनदेत पहिलं कलम हद्दीचं. गाव कुठून कुठवर, हे ठरल्याशिवाय पुढचं काही लिहिता येत नाही. हुकमात असं होतं की जिथं माणसं राहतात ती वस्ती आत घ्यायची, ओस पडलेली बाहेर ठेवायची. प्लेगच्या सालांत आपल्याकडं किती घरं सुटली, लोक माळावर झोपड्या बांधून राहिले आणि कित्येक परतलेच नाहीत, म्हणून तसं लिहिलं असणार. म्हणजे कमिटीनं गल्लीगल्लीनं हिंडून राहती घरं बघायची होती.

हिंडायला दिवस कोणता? व्यापाऱ्यांना रोज दुकान, मास्तरांना शाळा. तेव्हा ठरलं की मरगाईदेवीच्या मंगळवारी जाऊ. माघात मरगाईचे वार धरले की मंगळवारी पेठ बंद, वखार बंद, औताला बैल नाही, जात्याला हात नाही, शाळेलाही सुट्टी. सगळे मोकळे. सोयीचा दिवस. त्यातही शेवटचा मंगळवार धरला, कारण त्या दिवशी कुणालाच कसलं काम नसतं.

शेवटच्या मंगळवारी आमची ओढ्याकडची गल्ली काय करते हे इथं कुणाला ठाऊक नाही? हात वर करा. बघा, एकही हात नाही. त्या दिवशी आमची सबंध गल्ली गावाबाहेर पडते. म्हातारी, तान्ही, शेळ्या, कोंबड्या, सगळी. चुली विझवायच्या, दार ओढून घ्यायचं, कडीला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा आणि शिवारात जाऊन देवीचा निवद शिजवायचा. दिवस मावळेपर्यंत कुणी परत उंबरा ओलांडायचा नाही. पेठेतली मंडळी वार पाळतात, पण घरी बसून. बाहेर पडणं आमच्या गल्लीकडं आहे, आजोबा-पणजोबांपासून. गावावरची इडापिडा आम्ही बाहेर घेऊन जातो असं म्हणतात. त्या दिवशी निवदाचा नारळ मारुतीअण्णांनीच पाठवला होता. मी स्वतः तो फोडला.

तर आम्ही शिवारात, आणि कमिटी आमच्या गल्लीत.

मी त्यांच्यात नव्हते, कारण मी माझ्या गल्लीबरोबर होते. उरलेले चौघे आले. दारं बंद. चूल नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. आता कुणी परमुलखातला मोजणीदार असता तर त्यानं दारावर काठी आपटली असती, हाक मारली असती, शेजारच्या मळ्यात जाऊन विचारलं असतं. पण हे आपलेच लोक. निंब बांधलेल्या दारात त्या दिवशी हाक मारायची नाही, कडीला हात लावायचा नाही, आणि बाहेर पडलेल्यांच्या मागं जायचं नाही. नाहीतर पिडा परत फिरते. तेव्हा कुणी हाक मारली नाही. चपला काढून, हात जोडून, गल्लीतून पुढं गेले. आणि कागदावर लिहिलं की दारं बंद, राहतं घर आढळलं नाही.

देवाचं पाळलं. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

मी दुसऱ्या दिवशी चावडीत आले तेव्हा मास्तर कागद नक्कल करत होते. ते वाचत गेले, मी ऐकत होते. मी म्हटलं, "मास्तर, आमी काल भाईर पडलो हुतो. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मास्तर म्हणाले, "ठाऊक आहे हो. पण आढळलं ते लिहायचं असतं. आढळलं नाही ते कसं लिहू?"

"मग आज या की बघायला. आज समदी हाईत. माझी शेळीबी हाय."

तर म्हणाले, "पाहणी एकदाच असते. झाली ती झाली."

मी वकीलसाहेबांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं. डोक्याला हात लावला. त्या मंगळवारी दारासमोर उभं असतानाच त्यांना कसंसं वाटलं होतं, असं म्हणाले. पण त्याच आठवड्यात वॉर्डांचा तंटा मिटला होता. एक गल्ली आत घेतली तर माणसं वाढतात, वॉर्ड बदलतात, मग कुणाच्या वॉर्डात किती मतं यावरून पुन्हा तीच मारामारी. ते म्हणाले, "नागुबाई, आत्ता हा कागद हलवला तर सबंध भिंत कोसळेल. सनद आधी तात्पुरती लागू होऊ दे. दिवाळीच्या आत कायम करायची आहे, तेव्हा आपण ही गल्ली आत घेऊ. मी शब्द देतो." मी शब्द घेतला. शब्द देणारा माणूस चांगला होता, आजही आहे.

पाडव्याला ओढ्याच्या अलीकडं हद्दीचा दगड बसला. चुना लावलेला, पांढरा. आमच्या गल्लीच्या बाया पाण्याला जाताना त्याला वळसा घालून जायच्या. जयाबाई म्हणून माझी शेजारीण आहे, ती मला सगळ्यांदेखत म्हणाली, "नागे, तू खुर्चीत बसाय गेलतीस का आमास्नी उठवाय?" बाया हसल्या. मीही हसले. म्हटलं, दिवाळीपर्यंत कळ काढा.

सनदेत एक कलम दवाखान्याचं आहे. आधी दवाखाना लोकल बोर्डाचा होता, नर्सबाई बोलावतील तिकडं जायच्या. मग आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे पाटील गाडी पाठवून त्यांना घेऊन जायचे, दोनदोन दिवस ठेवून घ्यायचे, आणि इकडं पेठेतली बाळंतीण खोळंबायची. म्हणून कलम केलं की दवाखान्याच्या माणसाला हद्दीबाहेर जायचं असेल तर नगराध्यक्षांची लेखी परवानगी पाहिजे. कलम वाईट नव्हतं. हद्द बरोबर असती तर त्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं.

माझी सून मालू. भरमाची बायको. काही जणांनी तिला बघितलं असेल, वखारीत पानं निवडायला माझ्या शेजारी बसायची. कमी बोलायची. ज्येष्ठात तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी. पहिलटकरीण. आमच्या गल्लीची सुईण नजरेनं अधू झाली आहे. तिनंच हात लावून सांगितलं, "हे माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, नर्सबाईला आण." मी गेले. वासंतीबाई हातातलं काम टाकून पेटी घेऊन निघाल्या. माझ्यापुढं चालत होत्या. त्या दगडापाशी आल्या आणि थांबल्या.

मी म्हटलं, "चला की बाई. ओढ्याला पाणीबी न्हाय."

त्या म्हणाल्या, "पाण्याला मी कधी भ्याले, नागुबाई? कागदाला भिते. माझं पोट या नोकरीवर आहे."

हे मी त्यांची बदनामी करायला सांगत नाही. वासंतीबाई, खाली बघू नका. आदल्या पावसाळ्यात याच बाई कमरेएवढ्या पाण्यातून आमच्या जयाबाईच्या लेकीकडं आल्या होत्या. त्याच बाई, तोच ओढा. मध्ये फक्त दगड आला होता.

मारुतीअण्णा त्या दिवशी कोल्हापूरला गेले होते, व्यापाराला. माणसानं व्यापाराला जायचं नाही असं कुणी म्हणत नाही. परवानगी द्यायला दुसरं कुणी नेमलेलं नव्हतं, ते कलमात राहून गेलं होतं. मी चावडीत गेले. वकीलसाहेब एकटे बसून सनदेचा कच्चा कागद तपासत होते.

"काय झालं, नागुबाई?"

"मालूला दिवस गेलं न्हवं, तिची सुटका हुईना. नर्सबाई दगडापाशी हुभ्या हाईत. कागद पायजे म्हणत्यात."

"मारुतीराव कोल्हापुरास गेलेत."

"ठावं हाय."

"मला परवानगीचा अधिकार नाही. कलम मीच लिहिलं आहे, मीच ते..." एवढं बोलून थांबले. मी उभीच होते. माझ्याकडं बघितलं. मग उठले. डोक्याला पगडी नाही, अंगात नुसता सदरा, तसेच माझ्याबरोबर निघाले. भर बाजारातून बोडक्या डोक्यानं वकील चालला आहे म्हणून लोक बघत राहिले. दगडापाशी आले, त्याच दगडावर कागद टेकवून परवानगी लिहिली, खाली स्वतःची सही केली. वासंतीबाईंनी वाचलं. कागद खरा नाही हे त्यांनाही कळलं असणार. पदर खोचला आणि ओढ्यात उतरल्या.

आम्ही दारात पोचलो तेव्हा आतल्या बाया गप्प बसल्या होत्या. तान्ह्या पोरीचा आवाज येत होता. मालूचा येत नव्हता. पोर झाली, मग रक्त थांबलं नाही, असं सांगितलं. मी वासंतीबाईंना नंतर विचारलं, तुम्ही थेट आला असतात तर वाचली असती का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." खरं बोलल्या. मला खोटं चाललं नसतं.

एवढंच झालं. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही. लोक येतात, मी रडावं म्हणून शेजारी बसतात, आणि मी त्यांना चहा करून देते. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं. घरची माणसं मुकाट जेवली, मला चवच कळली नाही. भरमा दोन तांबे पाणी प्याला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वखारीत जाते, पानं निवडते, घरी येते. पोर आहे, ती रडली की उचलते. गल्लीतल्या अंगावर पाजणाऱ्या बाया पाळीपाळीनं तिला पाजतात. पोर चांगली आहे. मी तिच्याकडं बघते आणि ती माझ्याकडं बघते.

मग तिचा जन्म आणि तिच्या आईचं मरण लिहून घ्यायचं होतं. माझे मालक गुंडू आणि मी तलाठ्याकडं गेलो. तलाठी म्हणाले, "माळपेठ आता आमच्या दप्तरात नाही. ती नगरपालिकेकडं गेली." नगरपालिकेत गेलो, म्हणजे याच शाळेच्या मागच्या खोलीत, तिथलं दप्तरही मास्तरांकडंच. मास्तरांनी रजिस्टर उघडलं, मिटलं. म्हणाले, "ओढ्यापलीकडची नोंद मला घेता येत नाही. ती हद्दीत नाही."

माझे मालक फार बोलणारे नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "मास्तर, गाव म्हनतंय तुमी आमच्यात न्हाई. तुमी म्हनता आमच्यात न्हाई. मग आमची सून मेली कुठं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला. मास्तर वाईट माणूस नाही, माझ्या भरमाला त्यांनीच बाराखडी शिकवली. जुनं गाव मोडलं, नवं शहर झालं, आणि दोघांच्या मध्ये आमची गल्ली पडली. आम्ही कुठंच नाही. सरकारी कागदानं बघितलं तर मालू मेली नाही. कारण ती कुठं राहतच नव्हती. आणि तिच्या पोरीला जन्मायला जागा नाही.

मालूसाठी मी आज उभी नाही. तिचं जे व्हायचं ते झालं. तुम्ही दगड उपटून ओढ्यात टाकला तरी ती काही उठत नाही. मी उभी आहे ती राजाबाईसाठी. राजाबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. वखारीत बिड्यांची पानं कापते. पहिलं पोर तिचं बाळंतपणातच गेलं आहे, आणि आता तिला पुन्हा दिवस भरत आले आहेत. गौरी-गणपतीच्या आसपास सुटका होईल असं सुईण म्हणते. मालूच्या वेळी तीच दाराशी बसली होती. तेव्हापासून ती मला रोज विचारते, "आत्ती, सनदेचं काय झालं?" मला आधी राग यायचा. आता येत नाही. मी सांगते, वकीलसाहेबांनी शब्द दिला आहे. ती म्हणते, "वकीलसायब तर चालल्यात की बेळगावला."

ती मागं व्हरांड्यात उभी आहे. तिला उभं राहवत नाही. कुणीतरी तिला बाकडं द्या. पोरांनो, सरका जरा.

हां.

आता सगळ्यांना सांगते, काय चाललं आहे ते. सनद कायम करण्याचा शेवटचा कागद तयार आहे. त्यात हद्द जशीच्या तशी आहे. ओढ्याकडची गल्ली बाहेर. वकीलसाहेबांनी दुरुस्ती लिहिली होती, मी बघितली आहे. परवाच्या बैठकीत ती काढली. दोघा सदस्यांनी म्हटलं, आता मिटलेलं उकरू नका, निवडणूक तोंडावर आली आहे, या गल्लीच्या मतांनी दोन नंबरच्या वॉर्डाचा तोल जाईल. मारुतीअण्णा, दोन नंबरचा वॉर्ड तुमचा. मी काही वावगं बोलले का? वकीलसाहेबांनी वाद घातला नाही. ते थकले आहेत. बेळगावला त्यांच्या घरीही आजारपण आहे, मला ठाऊक आहे. माणूस किती दिवस दुसऱ्याच्या गावासाठी भात शिजवून खाईल? पण साहेब, आज तुमच्या खांद्यावर शाल पडली आणि हा कागद मिटला की कमिटी संपते. कमिटी संपली की दुरुस्ती करणारं कुणी उरत नाही. मग अर्ज करायचा, तो बेळगावला जाणार, तिथून मुंबईला जाणार. तोवर गल्लीत किती बाया बाळंत होतील, कुणास ठाऊक. आणि होतील त्या कोणाच्या गावात?

त्या कागदावर चार सह्या झाल्या आहेत. पाचवी माझी आहे. मी अजून केलेली नाही.

मास्तर म्हणतात, चार सह्यांवर काम चालतं. चालू द्या. पण कमिटी पाचांची होती हे सरकारनंच लिहिलं आहे. कलेक्टरसाहेब विचारतील, ही जागा कोरी का? मग कुणीतरी त्यांना माघातला मंगळवार समजावून सांगायचा. दारात हाक का मारली नाही, हे सांगायचं. त्यापेक्षा सोपं आहे की वकीलसाहेबांनी लिहिलेली दुरुस्ती परत घालायची. एक ओळ आहे. दगड उचलून ओढ्याच्या पलीकडं, गल्लीच्या शेवटी बसवायचा. हे काम आमच्या गल्लीची माणसं करतील, मजुरी मागणार नाहीत.

वॉर्डाचा तोल जाईल म्हणता. जाऊ दे की. कुणाला दोन मतं कमी पडली तर तो पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहतो.

वेळ झाली. आता आभार मानायचे आहेत, ते मी मनापासून मानते. वकीलसाहेबांचे, त्यांनी एका वखारीतल्या बाईला खुर्ची दिली आणि सही दिली, आणि ज्या कागदावर त्यांचा हक्क नव्हता तो लिहायला उन्हातून धावले. आम्ही ते विसरणार नाही. वासंतीबाईंचे, त्यांनी खोटा कागद खरा मानला. मास्तरांचे, शाळेच्या सतरंज्या आणि कंदील दिल्याबद्दल, आणि ते सुंदर भाषण लिहून दिल्याबद्दल, ते मी घरी पुन्हा वाचून बघेन. मारुतीअण्णांचे, त्यांनी मला मध्येच बसवलं नाही. चहापाणी करणाऱ्या मंडळींचे. आणि तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचे.

बोलण्यात मान-अपमान झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, मोठ्यांपुढं तोंड जास्त चाललं असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. जे बोलले ते मात्र अडाणीपणानं बोललेले नाही, ते पोटात घालू नका.

शाल आणि नारळ आज द्या. शेवटचा कागद आज मिटू नका. वकीलसाहेबांची गाडी शुक्रवारी आहे, मी विचारून ठेवलं आहे. गुरुवारी बाजार असतो, पाचही सदस्य गावात असतात. चावडीत बसा, मला बोलवा. गुरुवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पाहिजे. सगळ्यांसमक्ष पाहिजे, व्हरांड्यात बसलेल्या त्या पोरीलाही ऐकू जाईल असं. ओढ्याकडची गल्ली माळपेठेत असेल तर तसं लिहून माझ्यापुढं ठेवा, मी सही करते. नसेल, तर तुम्ही चौघे मिळून राजाबाईला सांगा, तिनं कोणत्या गावात बाळंत व्हायचं.